शिंपला पांढरा पडतो तेव्हा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘आपल्या आवडीच्या विषयावर लिहा’ अशी मोकळीक दिली होती. अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडून कोणत्या प्रकारचा लेख अपेक्षित असतो, हे मला ठाऊक आहे. तसा लेख मागील स्मरणिकेत लिहूनही झाला आहे. यंदा मी एका शिंपल्याविषयी लिहीत आहे. इतिहासाच्या शिक्षकाने समुद्री जीवशास्त्रात नाक खुपसावे याचे कुणाला नवल वाटेल. परंतु हा विषय मी शोधला नाही. आपल्याच वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलेल्या एका विद्यार्थ्याने तो माझ्या दारात आणून ठेवला.

हा विद्यार्थी आज आखातातील एका हॉटेलात मत्स्यालयाची देखभाल करतो. हॉटेलच्या दर्शनी दालनात भिंतभर लांबीची काचेची टाकी आहे; तिचे पाणी, दिवे, मासे आणि प्रवाळ ही सारी जबाबदारी त्याची. एके रात्री त्याचा फोन आला. “जय भीम, सर. एक फोटो पाठवलाय. बघून सांगा, हा मेलाय का?”

फोटोत खडकाच्या खाचेत बसलेला वीतभर शिंपला होता. त्याच्या दोन्ही शिंपा उघड्या होत्या आणि काठांवरून एक मांसल, नागमोडी पडदा बाहेर ओसंडला होता. कडेला हा पडदा गडद तपकिरी, त्यावर निळ्या ठिपक्यांची नक्षी. मधोमध मात्र पाणी घातलेल्या दुधासारखा पांढुरका. शेजारी आणखी एक शिंपला, जेमतेम दोन बोटे लांब, तो तर जवळजवळ सगळाच फिकट. व्यवस्थापकाने दोन्ही काढून फेकायला सांगितले होते आणि त्यांची किंमत पगारातून कापण्याची भाषा केली होती.

मला शिंपला माहीत होता तो दोनच रूपांत. एक नदीच्या वाळूत सापडणारा आणि दुसरा आजीच्या हातातला, ज्याने ती घरातल्या तान्ह्या मुलांना दूध पाजत असे. “मला ठाऊक नाही रे, पण दोन दिवस दे,” असे सांगून मी फोन ठेवला. त्या दोन दिवसांचे आठ महिने झाले. त्या काळात जे वाचले, समजून घेतले आणि त्याच्याबरोबर आजमावून पाहिले, ते येथे मांडतो.

ज्यांना ‘महाकाय शिंपले’ म्हटले जाते त्या गटातील हे प्राणी. गटातील सर्वांत मोठी जात ट्रायडॅक्ना गिगास. तिची लांबी १ मीटरहून अधिक आणि वजन २०० किलोंच्याही पुढे जाते. मत्स्यालयात ठेवतात त्या मॅक्झिमा, क्रोसिआ, स्क्वामोसा, डेरासा या बहुधा तिच्याहून लहान जाती. हे सारे शिंपले पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंतच्या उथळ, उबदार, प्रवाळांनी भरलेल्या पाण्यात राहतात. कोकणात खाल्ल्या जाणाऱ्या तिसऱ्या या त्यांच्या दूरच्या नातलग. तिसरी वाळूत किंवा चिखलात स्वतःला गाडून घेते, पाणी आत ओढते, कल्ल्यांनी गाळते आणि त्यातील बारीकसारीक अन्नकणांवर गुजराण करते. महाकाय शिंपलाही पाणी गाळतो. परंतु तो गाडून घेत नाही. तो उताणा पडून, शिंपा आकाशाकडे उघडून, दिवसभर उन्हात बसतो. शिंपांच्या आतील जो पडदा तो बाहेर पसरतो, त्याला प्राणिशास्त्रात प्रावार म्हणतात. तिसरीचा प्रावार आतल्या आत असतो. याचा मात्र वाळवणासारखा उन्हात पसरलेला.

शिंपल्याला ऊन कशासाठी हवे? हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो १९२८-२९ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आयल्स नावाच्या चिमुकल्या बेटांवर ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोहीम वर्षभर तळ ठोकून होती. तिचे नेतृत्व करणारे सी. एम. यंग तेव्हा तिशीच्याही आत होते. प्रावाराच्या मांसात लक्षावधी एकपेशीय शैवाले राहतात, हे ठाऊक झालेले होते. ती तेथे काय करतात, हा प्रश्न होता. यंग यांनी १९३६ मध्ये आपले निष्कर्ष सविस्तर मांडले. शिंपला आपल्या शरीरात शैवालाची जणू शेती करतो, शेतकरी जसा पिकाला ऊन मिळेल अशी जमीन निवडतो तसा प्रावार उन्हात धरतो आणि पीक तयार झाले की ते पचवतो, असे त्यांचे म्हणणे होते.

शेतीची कल्पना बरोबर निघाली. कापणीची मात्र पुढे बरीच बदलावी लागली. १९६७ मध्ये अमेरिकेचे लिओनार्ड मस्कॅटिन यांनी एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रवाळातून आणि शिंपल्यातून वेगळे काढलेले शैवाल नुसत्या समुद्रजलात ठेवले, तर प्रकाशात तयार केलेले अन्न ते स्वतःपाशीच राखते. त्याच पाण्यात यजमान प्राण्याच्या ऊतींचा अर्क थोडासा घातला की ते अन्न बाहेर सोडू लागते. म्हणजे शिंपल्याला शैवाल मारून खाण्याची फारशी गरज नाही. ते जिवंत राहून त्याला साखर पुरवते आणि बदल्यात शिंपल्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड व मलरूपाने निघणारा अमोनिया घेते. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा शिधा.

येथे एक उपकथा सांगितल्यावाचून माझ्यातल्या इतिहासकाराला राहवत नाही. शैवाल शिंपल्याच्या शरीरात नेमके कोठे असते? प्रवाळांमध्ये ते प्राण्याच्या पेशींच्या आत असते. शिंपल्यात ते रक्ताच्या पोकळ्यांत, रक्तपेशींबरोबर असावे, असे यंग यांचे मत होते. इजिप्तचे संशोधक के. मन्सूर यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहिले : शिंपल्याच्या जठरापासून प्रावारापर्यंत एक थेट मार्ग आहे. यंग यांना हे पटले नाही. यंग यांचा अधिकार मोठा, मन्सूर यांचे नाव त्या वर्तुळात फारसे कुणाला ठाऊक नाही. मन्सूर यांचे निरीक्षण बाजूला पडले ते पडलेच. १९९२ मध्ये जे. एच. नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले तेव्हा जठरातून निघणारी, झाडाच्या फांद्यांसारखी पसरत प्रावारात जाणारी नलिकांची संपूर्ण जाळी दिसून आली. शैवाल याच नलिकांत राहते. सेहेचाळीस वर्षे लागली. मन्सूर यांचे नाव पाठ्यपुस्तकांत अजूनही क्वचितच आढळते, म्हणून ते येथे लिहून ठेवले.

या नलिकांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मार्ग जठराला जोडलेला असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी चालतो. शिंपल्याच्या अंड्यात शैवाल नसते. प्रत्येक पिढी रिकाम्या हाताने जन्माला येते. अंड्यातून निघालेला सूक्ष्म डिंभ पाण्यातील शैवाल गिळतो. त्यांतील काही त्याच्या जठरात न पचता टिकून राहतात आणि तो तळाशी बसून शिंपल्याचे रूप घेऊ लागला की त्या नलिकांतून प्रावाराकडे सरकतात. प्रौढ शिंपला रोज थोडेफार शैवाल विष्ठेवाटे बाहेर टाकतो आणि ते बहुतांशी जिवंत असते. सुस्थितीत असलेला शिंपला अशा रीतीने आपल्या अंगातील शैवालाची संख्या सांभाळतो. हाच दरवाजा सताड उघडा राहिला आणि आतले पीक वाढेनासे झाले, की शिंपला पांढरा पडू लागतो. याला विरंजन म्हणतात. प्रवाळांच्या विरंजनाच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. शिंपल्यांच्या येत नाहीत, परंतु प्रकार तोच.

पांढरे होणे म्हणजे रंग उडणे नव्हे, हे मला प्रथम नीट कळले नव्हते. शिंपल्याचे रंग दोन ठिकाणांहून येतात. तपकिरी, पिवळसर छटा शैवालाची. निळा, हिरवा, जांभळा झगमगाट मात्र शिंपल्याच्या स्वतःच्या पेशींचा. त्या पेशींत अतिसूक्ष्म थर असतात आणि साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात तसे ते प्रकाश परतवून रंग दाखवतात. अमेरिकेतील अ‍ॅलिसन स्वीनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या पेशींचे आणखी एक काम दाखवून दिले : शैवाल प्रावारात उभ्या खांबांसारखे रचलेले असते आणि या पेशी वरून येणारे प्रखर ऊन पसरवून ते खांबांच्या बाजूंनी, सौम्य करून आत पाठवतात. माथ्यावरचे शैवाल करपत नाही आणि तळचे अंधारात राहत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या फोटोत पांढुरक्या भागातही निळे ठिपके शाबूत होते त्याचे कारण हेच. घर उभे होते; राहणारे निघून गेले होते.

मग ‘हा मेलाय का’ याचे उत्तर? नाही. प्रावाराच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात. टाचणीच्या छिद्रासारखे, भिंग नसलेले. त्यांना प्रतिमा स्पष्ट दिसत नसली तरी सावली कळते. मी त्याला म्हटले, “हाताची सावली पाड आणि बघ.” त्याने पाडली. मोठ्या शिंपल्याने झटकन प्रावार आत घेतला. लहानानेही घेतला, पण सावकाश, जरा कष्टानेच. दोघेही जिवंत होते आणि उपाशी होते. पांढरा शिंपला मरतो तो पांढरेपणाने नव्हे, तर साखरेचा पुरवठा बंद झाल्याने, अंगातील साठा संपत आल्याने, हळूहळू. म्हणून हाती वेळ असतो.

वेळ असतो याचा मोठा पुरावाही सापडला. ऑस्ट्रेलियात ऑर्फिअस बेटावर जेम्स कुक विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तेथील पायोनिअर उपसागरात संवर्धन प्रकल्पातून वाढवलेले गिगास जातीचे हजारो शिंपले ठेवलेले होते. १९९७-९८ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि त्यांतील बहुसंख्य शिंपले पांढरे पडले. जगभरच्या प्रवाळांवर संकट कोसळले तो हाच काळ. परंतु पाणी निवल्यावर पुढील काही महिन्यांत त्यांतील फार मोठा हिस्सा पूर्ववत झाला. पांढऱ्या शिंपल्यांच्या शरीराची तपासणी करणाऱ्यांना आढळले की शैवालाची संख्या कैक पटींनी घटली होती आणि रक्तातील ग्लुकोजही उतरले होते. त्याआधीच्या, १९९५ मधील एका अभ्यासात असेही दिसले होते की पांढऱ्या पडलेल्या शिंपल्यात शैवालाच्या नलिकाच आक्रसून जातात. म्हणजे बरे होताना नुसते पीक परत आणून भागत नाही, पाटही पुन्हा खणावे लागतात. महिने लागतात ते त्यामुळे.

आता कारणांकडे वळू. हा भाग मला सर्वांत अधिक रुचला, कारण येथे जीवशास्त्राइतकीच पुरावा तपासण्याची सवय लागते.

विरंजनाचे सर्वपरिचित कारण म्हणजे उष्णता. शैवालातील हरितद्रव्य उजेड पकडते आणि त्या ऊर्जेने साखर बनवण्याची यंत्रणा चालते. पाणी फार तापले की या यंत्रणेची मोडतोड वाढते आणि दुरुस्ती मागे पडते. उजेड मात्र यायचा थांबत नाही. पकडलेली पण वापरता न आलेली ऊर्जा ऑक्सिजनची अत्यंत दाहक रूपे निर्माण करते. ती शैवालाला जाळतात आणि यजमानालाही. गिरणीत दळण अडकले असताना वरून धान्य ओतत राहावे, तसा हा प्रकार. यातून दुसरे कारणही कळते : पाणी थंड असूनही उजेडच एकाएकी वाढला, तरी तेच घडते. तिसरे कारण याच्या उलट, म्हणजे अंधार. अपुऱ्या दिव्याखाली शैवाल आठवड्यागणिक खंगत जाते. आणि चौथे कारण मत्स्यालय पाळणाऱ्यांना सहसा पटत नाही असे आहे : पाणी अतिस्वच्छ असणे.

शैवाल ही अखेर वनस्पतीसारखी जगणारी गोष्ट. तिला नत्र आणि फॉस्फरस लागतो. १९९३ मध्ये जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की पाण्यात नत्रयुक्त क्षार वाढवले की शिंपल्यातील शैवालाची संख्या वाढते. म्हणजे एरवी ते नत्राच्या टंचाईतच जगत असते. समुद्रात माशांचे थवे, लाटा आणि प्रवाह हा पुरवठा थोडाथोडा करीत राहतात. टाकीत मात्र फेस काढणारी यंत्रे, रसायने आणि गाळण्या लावून माणूस नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणतो, काचेपलीकडे पाणी स्फटिकासारखे दिसते म्हणून खूश होतो आणि आतले शैवाल भुकेने फिकट पडते.

चारही कारणांचा परिणाम दिसायला एकच : पांढरा शिंपला. उपाय मात्र एकमेकांविरुद्ध. अंधाराने फिकटलेल्याला उजेड हवा; उजेडाने भाजलेल्याला सावली हवी. फोटो पाहून हे ठरवता येत नाही. काय बदलले आणि केव्हा, हे कळावे लागते. म्हणून मी त्याला विचारले, “मागच्या महिन्याची तारीखवार नोंद आहे का?” नव्हती. मग त्याने हजेरीपत्रक, बिले, मोबाइलमधील फोटो आणि सहकाऱ्यांची आठवण यांवरून ती तयार केली. सहावीत त्याच्याकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या होत्या, त्याचा सूड त्याने या यादीतून घेतला, असे आम्ही नंतर हसून म्हणालो; इतकी बारीक यादी होती ती.

व्यवस्थापकाचे म्हणणे होते की पाणी थंड ठेवणारे यंत्र दोन दिवस बंद पडले, पाणी ३१ अंशांवर गेले, देखभालीत हयगय झाली आणि शिंपले गेले. यादीने वेगळी गोष्ट सांगितली. महिन्याच्या ३ तारखेला हॉटेलने जुने दिवे काढून नवे, कितीतरी प्रखर एलईडी दिवे बसवले आणि ते पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने लावले. ९ तारखेच्या, एका पाहुण्याने काढलेल्या फोटोत मोठ्या शिंपल्याच्या मध्यभागी फिका डाग दिसतो. यंत्र बंद पडले ते १४ तारखेला. त्याआधी महिनाभर दोन मोठे मासे दुसऱ्या टाकीत हलवले होते आणि नायट्रेटची चाचणी सतत शून्य दाखवीत होती. म्हणजे उपाशी शैवालावर प्रथम उजेड कोसळला आणि मग उष्णता. यंत्राचा बिघाड हा शेवटचा घाव होता, पहिला नव्हे. १८५७ ची कारणे शिकवताना काडतुसांची जागा कोणती, हे मी मुलांना दरवर्षी सांगत आलो आहे. त्याला ते लगेच समजले.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल, कारण त्यात फारसे काही करायचे नसते, आणि तेच कठीण असते. पांढरा शिंपला पाहिला की माणसाचा हात दिव्याकडे जातो; शिंपल्याला ऊन हवे असे त्याने वाचलेले असते. ज्याच्याकडे दळण दळणारेच उरले नाहीत त्याच्यावर आणखी धान्य ओतणे, ही सर्वांत सर्रास होणारी चूक. आम्ही दिव्यांची तीव्रता निम्म्यावर आणली, वर पांढरी जाळी ताणली आणि पाण्याचे तापमान २६ अंशांवर स्थिर केले. शिंपले जागचे हलवले नाहीत. या जातीचा शिंपला चिवट धाग्यांच्या झुबक्याने खडकाला घट्ट धरून बसतो. ओढून काढताना तो झुबका मुळापासून तुटला तर नवेच संकट. हलवलेले मासे परत आणले. त्यांचे खाणे वाढवले की त्यांच्या मलमूत्रातून नत्र आपोआप येतो. बाटलीतले औषध लागत नाही. काविळीतून उठलेल्या मुलाला वसतिगृहात आपण पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढत नाही, मऊ भातापासून सुरुवात करतो. येथेही खाद्य वाढवले ते आठवड्याच्या हिशेबाने. लहान शिंपल्याची भिस्त गाळून खाण्यावर अधिक असते, म्हणून त्याच्यासाठी पाण्यात तरंगते सूक्ष्म शैवाल रोज सोडले.

लहान शिंपला एकोणिसाव्या दिवशी गेला. आदल्या दिवशी पाणी आत घेण्याचे त्याचे छिद्र ताणून उघडे राहिले होते आणि सावली पडूनही हालचाल नव्हती. ती शेवटची खूण असते. कुजू लागण्यापूर्वी काढून टाकावा लागतो, अन्यथा सगळी टाकी नासते. त्याने रात्रपाळीतच काढला. फोनवर तो फार बोलला नाही. त्याची किंमत पगारातून कापली गेली. दिव्यांची तारीख यादीत स्पष्ट होती, तरीही.

मोठ्यात महिनाभर काहीच फरक दिसला नाही. सहाव्या आठवड्यात कडेच्या तपकिरी पट्ट्यातून आतल्या बाजूला बारीक शाखा दिसू लागल्या. पावसाळ्यात ओहोळ उताराने जागा शोधत जातात तशा. बाहेरून नवे शैवाल आणावे लागले नाही. कडेला जे उरले होते तेच वाढत, नलिकांतून वाट काढत मध्याकडे येत होते. तेव्हा कुठे आम्ही जाळी थोडी सरकवली. दर पंधरवड्याला थोडी.

समुद्रात अशी जाळी ताणता येत नाही. भारतात महाकाय शिंपल्यांचे महत्त्वाचे घर म्हणजे लक्षद्वीप. तेथे मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या जाती आढळतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या संरक्षित आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या संशोधकांनी, दीपक आपटे यांच्या पुढाकाराने, लक्षद्वीपच्या शिंपल्यांचा चौदा वर्षे मागोवा घेतला. समुद्रपृष्ठाच्या तापमानातील असामान्य चढ आणि शिंपल्यांची संख्या यांचा संबंध तपासणारा त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ अशी तीन मोठी विरंजने सोसली आणि २०२४ मध्ये पुन्हा एक. ऑर्फिअसचे शिंपले सावरले, कारण पाणी निवले आणि पुढची काही वर्षे निवांत मिळाली. दोन तापांमधले हे अंतर कमी होत चालले आहे. टाकीतल्या शिंपल्याला जे आठ महिने आम्ही देऊ शकलो, ते समुद्राकडे असतीलच असे नाही.

वाचता वाचता आणखी एक धागा हाती आला, तो सांगून विषय आवरता घेतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात महासमुद्राच्या गुणांचे वर्णन करताना त्यातील रत्नांची यादी येते. तीत मसारगल्ल असे एक नाव आहे. संस्कृत ग्रंथांतील सप्तरत्नांत तेच मुसारगल्व होते. ते नेमके कोणते रत्न, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण चिनी भाषांतरकारांनी त्यासाठी जो शब्द योजला, तो चिनी भाषेत महाकाय शिंपल्याचा शब्द आहे. त्यामुळे चीनमध्ये या शिंपल्याच्या पांढऱ्याशुभ्र कवचाला पवित्र रत्नाचे मोल आले आणि त्याच्या जपमाळा घडू लागल्या. आपल्या काळात ही मागणी इतकी वाढली की दक्षिण चीन समुद्रात बोटींच्या पंख्यांनी प्रवाळ खणून काढून त्यात रुतलेली जुनी कवचे उपसली गेली. हैनान प्रांताने २०१७ पासून या व्यापारावर बंदी घातली. पॅरिसच्या सेंट सल्पीस चर्चमध्ये तीर्थजलासाठी याच शिंपल्याच्या दोन भव्य शिंपा ठेवलेल्या आहेत. व्हेनिसने त्या फ्रान्सच्या राजाला भेट दिल्या होत्या. धर्म कोणताही असो, शिंपल्याची पूज्यता तो मेल्यावर सुरू झालेली दिसते.

मागील आठवड्यात त्याने टाकीची एक चित्रफीत पाठवली. प्रावार जवळपास सगळा तपकिरी झाला आहे. मध्यभागी अंगठ्याच्या नखाएवढा फिका डाग अजून आहे. शिंपांच्या काठाला, जुन्या मळकट कवचापलीकडे, दोऱ्याएवढी पांढरी स्वच्छ रेघ उमटली आहे. हा पांढरेपणा वेगळा : ते नव्याने घातलेले कवच आहे. म्हणजे पोटाला पुरून उरेल इतके अन्न आता मिळू लागले आहे. चित्रफितीच्या शेवटी काचेवर एका लहान मुलीचा हात येतो, कोणा पाहुण्याची मुलगी असावी. सावली पडताच शिंपला मिटतो. ती दचकून हात मागे घेते, आणि तो पुन्हा उघडेपर्यंत काचेला नाक लावून थांबते.